गोल सुयांचा संच, पाचजणींत एकच चावी: हिवाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

संच कोणत्या प्रकारचा ते विणणाऱ्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी, गोल सुई म्हणजे लवचीक वायरने जोडलेली दोन टोकं, आणि या संचात ती टोकं काढून बदलता येतात. लाकडी टोकांच्या आठ जोड्या, साडेतीनपासून आठ मिलिमीटरपर्यंत, तीन लांबींच्या वायर, वायरच्या तोंडावर बसवायच्या टोप्या आणि झिपचं कापडी पाकीट. किंमत चार हजारांच्या वर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण याच घडणीचे संच बऱ्याच जणांचे येतात आणि दोष सगळीकडे सारखाच दिसतो. मला लिहायचंय ते चावीबद्दल.

चावी म्हणजे टाचणीपेक्षा थोडी जाड, वाकवलेली तार. वायरच्या धातूच्या तोंडाला एक बारीक भोक असतं. त्यात ही तार घालायची, लाकडी टोक दुसऱ्या हातात धरायचं आणि फिरवून जोड आवळायचा. हे नीट केलं नाही तर विणता विणता टोक सैल होत जातं. जोडात केसाएवढी फट पडते, आणि उजव्या हाताने टाके पुढे सरकवताना नेमका एक टाका त्या फटीत धरला जातो. ओढला की लोकरीचे तंतू तुटतात, नाही ओढला तर हात थांबतो. आठ जोड्या टोकं देणाऱ्यांनी ही चावी दिली एक. फक्त एक! एकटीने वापरायचा संच असता तर मी कदाचित एवढं बोलले नसते, पण चार हजार रुपये एकटीने सुयांवर घालणारी बाई ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागात मला तरी माहीत नाही. आम्ही पाचजणींनी वर्गणी काढली होती.

ग्वाल्हेरची थंडी पुण्या-मुंबईच्या वाचकांना नुसती सांगून कळायची नाही. जानेवारीत रात्री पारा पाच अंशांच्या खाली जातो, धुकं कधीकधी दुपारपर्यंत हलत नाही, आणि आमच्या जुन्या दगडी वाड्यांत बाहेरपेक्षा आत जास्त गारठा. ऊन आलं की सतरंजी घेऊन सगळ्या गच्चीवर. जीवाजीगंजच्या काकूंची गच्ची सर्वात उघडी, म्हणून मंडळ तिथेच बसतं. काकू, नई सडकच्या वहिनी, कंपूच्या ताई, काकूंची धाकटी सून आणि मी. सून मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकली. काकूंचं मात्र असं की बोलता बोलता अख्खी बाही होते आणि त्यांनी सुयांकडे पाहिलेलंसुद्धा नसतं.

काकूंचा या खरेदीला विरोध होता. त्यांच्याकडे ॲल्युमिनियमच्या लांब सुया, आठ नंबरपासून बारापर्यंत, कधी घेतल्या ते त्यांनाही आठवत नाही, आणि त्यांतली एकही वाकलेली नाही. "चार हजारांत घरच्या सगळ्यांचे स्वेटर होतील," हा त्यांचा हिशेब, आणि तो चुकीचा नव्हता. पण लांब सुयांनी सतरंजीवर दाटीने बसलं की शेजारणीच्या कोपराला टोचतं, आणि मोठ्या कामाचं सगळं ओझं मनगटांवर येतं. गोल सुईवर तेच काम वायरवर पसरतं आणि वजन मांडीत राहतं. ज्यांची मनगटं दुखतात त्यांनी एवढ्या एका कारणासाठी गोल सुया घ्याव्यात. बदलत्या टोकांच्याच हव्यात असं मात्र नाही.

दुसरा फायदा नंबरांचा. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते. आठ नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, दहा म्हणजे सव्वातीन. अमेरिकन नमुन्यांत उलटं, तिथे आकडा वाढला की सुई जाड, आणि त्यांची आठ नंबर म्हणजे 5 मिलिमीटर. सुनेने उतरवलेल्या टोपीच्या नमुन्यात '8' लिहिलं होतं, काकूंनी आपली आठ नंबरची सुई काढून दिली आणि टोपी बाहुलीला बसेल एवढी झाली. या संचात प्रत्येक टोकावर मिलिमीटर कोरलेले आहेत. हा घोळ कायमचा संपला, त्याचं पूर्ण श्रेय संचाला.

वायरची लांबी मात्र नीट वाचून घ्या. पाकिटावर 80 सेंटिमीटर लिहिलं म्हणजे टोकं जोडून 80, नुसती वायर त्याहून बरीच आखूड असते. थंडीत ती कडकही होते, पाकिटातल्या गुंडाळीचा आकार सोडत नाही. कढत पाण्यात मिनिटभर बुडवून सरळ ताणून धरली की मऊ पडते. आम्ही सरकारी इस्पितळातल्या नवजात बाळांसाठी टोप्या विणतो. तिथल्या सिस्टरांनी सांगितलंय की बटण नको, गोंडा नको, तंतू सुटणारी लोकर नको, गरम पाण्यात धुता आली पाहिजे. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं साधारण 35 सेंटिमीटर घेराचं, टोपी त्याहून थोडी तंगच हवी. एवढ्या लहान घेराला संचातली सर्वात आखूड वायरसुद्धा मोठी पडते. लांब वायर घेऊन मधूनच तिचा फासा बाहेर काढायचा आणि अर्धे अर्धे टाके विणायचे, ही युक्ती सुनेने सगळ्यांना शिकवली. काकूंनी एकदा पाहिलं आणि तेव्हापासून टोप्यांना शिवण नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुती धाग्याची ओटा पुसायची फडकी वाण म्हणून लुटली, तीही याच सुयांवर झाली. त्यांच्याबद्दल विशेष सांगण्यासारखं काही नाही.

आता ब्लँकेट. संचाचं जे काही मोल आहे ते मला इथे कळलं.

कंपूच्या ताईंचं केमो दिवाळीनंतर सुरू झालं. केस गेल्यावर डोक्याची कातडी हुळहुळी होते, लोकर टोचते, म्हणून आधी त्यांना सुती धाग्याच्या दोन टोप्या केल्या. पण ताईंना बसल्या जागी हुडहुडी भरायची आणि रजई जड वाटायची. सगळ्यांनी मिळून एक हलकं ब्लँकेट करायचं ठरलं. चौकोन विणून जोडायचा बेत पहिल्याच आठवड्यात बारगळला, कारण कोणाची वीण सैल, कोणाची घट्ट. सारख्याच टाक्यांचे, सारख्याच लोकरीचे चौकोन, पण वहिनींचा तळहाताएवढा आणि माझा त्यावर चार बोटं जास्त. वहिनींचा हात इतका घट्ट की त्यांच्या टाक्यात सुई शिरत नाही.

तोडगा काकूंनी काढला, ज्यांना हा संच नको होता त्यांनीच. म्हणाल्या, ब्लँकेट एकच ठेवा, सुया बदला. एका लांब वायरवर दोनशे टाके घातले, दोन्ही बाजूंनी सुलट विणायचं, काठाला साबुदाण्याची वीण. वायर तीच राहणार, जिची पाळी तिने आपलं टोक लावायचं. वहिनींना साडेचार मिलिमीटर, काकूंना आणि सुनेला चार, मला साडेतीन. आपापल्या ओळी झाल्या की टोकं काढायची, वायरच्या दोन्ही तोंडांवर टोप्या बसवायच्या आणि ब्लँकेट पिशवीत घालून पुढच्या घरी. नई सडकवरून जीवाजीगंज, तिथून माझ्याकडे, आणि बरं वाटत असेल त्या दिवशी ताईंकडेसुद्धा. ताईंनी स्वतःच्या ब्लँकेटच्या कितीतरी ओळी स्वतः विणल्या. इतक्या हातांचं काम, पण वरपासून खालपर्यंत रुंदी एकसारखी आली. टोकं न निघणाऱ्या साध्या अखंड गोल सुयांनी हे झालं नसतं. या एका सोयीसाठी मी संचाला पैकीच्या पैकी गुण द्यायला तयार होते.

पण ब्लँकेट घरोघर फिरलं की चावीही फिरायला हवी, आणि ती एवढीशी. ती सुनेच्या पर्समध्ये राहायची, नाहीतर वहिनींच्या शिवणाच्या डब्यात. मग ज्या घरी चावी नसेल तिथे सेफ्टी पिन. सेफ्टी पिन वाकते. कागदांना लावायची जाड क्लिप उलगडून वापरली तर ती बरी चालते, टोक धरायला रबराचा तुकडा घेतला तर आणखी बरी. तरी चावीइतका जोड आवळला जात नाही. ग्वाल्हेरचे तेव्हाचे महाराज माधवराव शिंदे यांनी 1905 मध्ये सुरू केलेल्या आमच्या व्यापार मेळ्यात सुईपासून मोटारीपर्यंत सगळं मिळतं. तिथेही विचारलं, सुटी चावी कुठे नाही.

ऐन जानेवारीत, ब्लँकेट पाऊण झालेलं असताना, वहिनींच्या हातात वायर धातूच्या तोंडातून निसटून आली. "अगं, हे तर सगळंच उतरून राहिलंय!" असं त्या ओरडल्या आणि आम्ही सगळ्या जागच्या जागी थिजलो. पन्नासेक टाके मोकळे, काही तर पाच-सहा ओळी खाली धावलेले. काकूंनी कोणालाही हात लावू दिला नाही. बारा नंबरची बारीक सुई घेऊन आधी शाबूत टाके पकडले, मग क्रोशाच्या सुईने सुटलेला एकेक टाका पायरी-पायरीने वर आणला. ऊन उतरेपर्यंत चाललं होतं. खाली शाळेतून आलेली नातवंडं चहासाठी हाका मारत होती, पण उठलं कोणीच नाही.

कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं की चावीऐवजी दुसरं काही वापरून जोड पिळल्यामुळे वायर निसटली असावी, म्हणून बदलून मिळणार नाही. या उत्तराचा मला अजून राग आहे. चावी एकच देता, ती सुटी विकत नाही, आणि चावी वापरली नाही म्हणून हमी नाकारता! शिवाय जोड पिळून मळसूत्र खराब होईल, वायर तोंडातून कशी निघेल? ती कारखान्यात दाबून बसवलेली असते, त्या दाबातच कसूर होती. हे सगळं मी त्यांना लिहिलं, जरा कडक शब्दांत, आणि परत परत लिहिलं.

दरम्यान वहिनींच्या घरच्या काकांनी निसटलेली वायर एरल्डाइटने बसवून दिली. आधी तोंडाच्या आतला मळ सुईने खरवडला, वायरचं टोक पॉलिश पेपरने खरखरीत केलं, दोन्ही नळ्यांतलं मिश्रण आगपेटीच्या काडीने आत भरलं आणि पुरा दिवस हात लावू दिला नाही. वरचा ओघळ पुसून गुळगुळीत केला, नाहीतर त्यावरही लोकर अडकली असती. तो जोड आजही टिकून आहे.

इथपर्यंतचं मी जानेवारीअखेर लिहून ठेवलं होतं आणि शेवटी 'घेऊ नका' असं लिहिलं होतं. पुढे दोन गोष्टी झाल्या, म्हणून तो शब्द बदलते आहे.

पहिली, चावीच्या त्याच भोकाची. सुनेने कुठेतरी पाहिलं की त्या भोकात शिवणाचा बारीक धागा, वेगळ्या रंगाचा, ओवून नेहमीसारखी ओळ विणली की धागा आपोआप सगळ्या टाक्यांतून ओढला जातो. पुढच्या ओळीत तो धागा सोडून फक्त टाके विणायचे, म्हणजे तो जागीच राहतो. मग वायर तुटो की सुई सुटो, टाके त्या धाग्याच्या खाली धावत नाहीत. वरच्या ओळी उसवून तिथून पुन्हा सुरुवात करता येते. ब्लँकेटचा उरलेला सगळा भाग आम्ही दर वीस ओळींना असा धागा घालून विणला. लाल धागा, फिक्या मोतिया लोकरीत. पूर्ण झाल्यावर ते धागे ताईंनी स्वतः ओढून काढले. मोठ्या कामात घरोघरी फिरणाऱ्या विणकामाला याच्याइतकी मदत दुसऱ्या कशाची नाही, आणि साध्या सुयांना ते भोक नसतं.

दुसरी, कंपनीने फेब्रुवारीत काही न बोलता नवी वायर पाठवली आणि सोबत दोन चाव्या. कारण दिलं नाही, दिलगिरी नाही. नवी वायर जुनीपेक्षा मऊ आहे, तोंडाशी फिरती असल्यामुळे विणताना पीळ पडत नाही. म्हणजे चांगली वस्तू त्यांना बनवता येते, मग मूळ संचात का घालत नाहीत? दोन जास्तीच्या चाव्यांनी किंमत अशी किती वाढली असती?

तर माझं आत्ताचं मत. एकटीने विणत असाल, मुख्यतः स्वेटर करत असाल, तर हा संच घेऊ नका. चार मिलिमीटर आणि सव्वातीन मिलिमीटरच्या अखंड गोल सुया, 80 सेंटिमीटरच्या, घ्या. त्या दोन जोड्यांत बॉर्डरसकट स्वेटर होतो आणि तीन हजारांच्या वर वाचतात. त्यात लोकर घ्या. सव्वातीन म्हणजे दहा नंबर, आणि आपल्याकडच्या स्वेटरांना जास्त लागतो तो नंबर या संचात नाहीच, हेही लक्षात ठेवा. टोकं लाकडी असल्यामुळे ॲक्रिलिक लोकर घसरत नाही, नवशिक्यांना बरं, पण काकूंसारख्या भरभर विणणाऱ्यांना धातूच आवडेल.

चार-पाचजणी मिळून एखादं मोठं काम करणार असाल तर जरूर घ्या, आणि पैसे देण्याआधीच जास्तीच्या चाव्या मागा. नाही म्हणाले तर तोच संच दुसरीकडून घ्या. प्रत्येकीची चावी वेगळी, तिला रंगीत लोकरीचा गोंडा बांधलेला, म्हणजे पर्समध्ये सापडते. पहिल्याच दिवशी सगळ्या वायर दोन्ही हातांनी जोरात ओढून पाहा. निसटायची ती तिथेच निसटू दे, टाके घातल्यावर नको.

ताईंचं शेवटचं केमो मार्चमध्ये झालं. होळीच्या आधी ब्लँकेट त्यांच्या अंगावर होतं. अर्धं सूत, अर्धं ॲक्रिलिक, घरच्या मशीनमध्ये धुता येतं, पण सिगडीजवळ नेऊ नका असं काकूंनी ताईंच्या सुनेला दहादा बजावलंय. संच सध्या ताईंकडेच आहे. पुढच्या हिवाळ्यासाठी इस्पितळातल्या टोप्या त्या एप्रिलच्या उन्हातच सुरू करून बसल्या आहेत, आणि चार मिलिमीटरची टोकं त्या परत द्यायला तयार नाहीत. काकूंच्या सुनेला तीच हवी आहेत, म्हणून त्या एका मापाची जादा जोडी आम्ही कालच मागवली.