आठ वर्षांची पिकअप, डिझेलची वही आणि आळेफाट्याकडचे मिस्त्री

गाडी बोलेरो पिकअप, २०१७ची, अडीच लिटरचं टर्बो डिझेल, कॉमन रेल, म्हणजे कधी किती डिझेल फवारायचं ते गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. चालवतात आमचे भाऊजी, म्हणजे धाकटे दीर. डिझेल, टोल आणि कॅरेटचा हिशोब माझ्याकडे. त्यामुळे गाडी किती पिते हे त्यांच्याआधी मला कळतं, आणि त्यावरून आमची वादावादीही होते.

नारायणगावहून टोमॅटो भरायचे, आळेफाटा, ओतूर, माळशेज, मुरबाड, कल्याण करत वाशी मार्केट गाठायचं आणि रिकामी कॅरेट घेऊन परत. जाऊन-येऊन साधारण ३४० किलोमीटर. ॲव्हरेजच्या बाबतीत हा रस्ता तसा मवाळच म्हणायचा, कारण माल भरलेला असतो तेव्हा घाट उतरायचा असतो, चढायची वेळ येते तेव्हा गाडी हलकी असते. तरीसुद्धा लिटरला बारा किलोमीटरच्या आसपास असलेला आकडा वहीत घसरत घसरत साडेनवावर आला. डिझेल नव्वदच्या घरात आणि टोमॅटोचा भाव कधी कॅरेट फेकून द्यावं असा. मग काय, शोधाशोध सुरू.

एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "चारही इंजेक्टर गेले." इंजेक्टर म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे भाग; खर्च पन्नास हजारांच्या पुढे. दुसरा म्हणाला ईजीआर, म्हणजे प्रदूषण कमी करायला थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, बंद करून देतो, हजार-दीड हजारात काम. भाऊजींनी तोवर डिझेलच्या पाइपवर लावायचं एक लोहचुंबक आणलंच होतं. पुड्यावर वीस टक्के बचत छापलेली. वहीत तिचा मागमूस नाही. अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण खात्याने असली शंभरावर यंत्रं तपासली, बहुतेकांतून काहीच हाती लागलं नाही, हे मी नंतर वाचलं. ते चुंबक सध्या आमच्या फ्रिजवर मुलांच्या शाळेचं वेळापत्रक धरून आहे, तिथे चांगलं काम करतं.

तर हा अभिप्राय आळेफाट्याच्या अलीकडे हायवेलगत असलेल्या वर्कशॉपबद्दल आहे. नाव लिहीत नाही, कारण मिस्त्रींनीच सांगितलं, "वहिनी, नाव नका टाकू, आहेत त्याच गाड्या उरकत नाहीत." पत्र्याची शेड, पुढे बाभळ, बाभळीखाली कायम दोन-तीन पिकअप आणि एखादा टेम्पो. त्या भागात कुणालाही विचारा.

मला पटलेली पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी वही मागितली. भाऊजी "ओढत नाही, धूर मारते" वगैरे सांगत होते. मिस्त्री पानं उलटत होते. डिझेल कुठल्या पंपावर भरता, एकाच पंपावर भरता का, नोझल आपोआप बंद झाल्यावर पुन्हा पिळून भरता का, असे प्रश्न. टाकी फुल ते टाकी फुल, तोच पंप, पहिल्या कटला थांबायचं आणि एका फेरीच्या आकड्यावर नाचायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मग मोबाइलवर जीपीएस लावून हायवेला एक चक्कर मारली, मीटर खरं बोलतंय का ते बघायला. टायर झिजले की मीटर थोडं जास्त किलोमीटर दाखवतं, हे मला तिथे कळलं.

इंजेक्टरचं असं केलं. चारही इंजेक्टरच्या रिटर्नच्या नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडल्या आणि इंजिन चालू ठेवलं. एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरली तर तो इंजेक्टर रिटर्न जास्त मारतोय, म्हणजे न फवारता जास्त डिझेल परत टाकीकडे सोडतोय. आमच्या चारही बाटल्या जवळपास बरोबरीने चढल्या. "म्हणजे इंजेक्टर नवेकोरे आहेत असं नाही," मिस्त्री म्हणाले, "फवारा कसा पडतो ते बेंचवर, तपासायच्या यंत्रावरच दिसतं. पण पन्नास हजार घालायची सुरुवात इथून करायची नाही." एवढं ऐकलं तेव्हाच माझं निम्मं काम झालं.

खरी गंमत हवेच्या नळीत होती. टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा, त्याच्याकडून इंजिनाकडे जाणाऱ्या जाड रबरी नळीच्या एका क्लॅम्पपाशी खालच्या बाजूला तेलकट काळा डाग होता, त्यावर धूळ चिकटलेली. वरून बघितलं तर नळी ठणठणीत. त्यांनी टर्बोच्या तोंडावर रबरी टोपण बसवलं, त्याला ट्यूबचा व्हॉल्व्ह होता, आणि कॉम्प्रेसरची हवा बेताबेताने सोडली. त्यांच्या हाताखालच्या पोरग्याने ब्रशने साबणाचं पाणी फिरवलं. क्लॅम्पच्या मागे एकदम फेस फुगायला लागला. नळी वळवून दाखवली तर क्लॅम्पच्या कडेनेच बोटाच्या पेराएवढी चीर. टर्बोने दाबलेली हवा इंजिनात जायच्या आधीच बाहेर. मग गाडीला ओढ नाही, भाऊजी ॲक्सिलरेटर आणखी दाबणार, डिझेलला पुरेल एवढी हवा नाही म्हणून काळा धूर. भाऊजींची तक्रार खरीच होती तर. नळी आणि दोन क्लॅम्प नवे टाकले.

दुसरा चोर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह. माझ्या वहीच्या कडेला मी लिहून ठेवलं होतं की घाट उतरताना टेंपरेचरचा काटा पार खाली जातो, असं भाऊजी म्हणतात. मिस्त्रींनी ती ओळ वाचली आणि थेट थर्मोस्टॅटचं झाकण उघडायला घेतलं. आत थर्मोस्टॅट नव्हताच! कधीतरी गाडी गरम होत होती म्हणून आधीच्या एका गॅरेजवाल्याने काढून टाकलेला, आम्हाला न सांगता. आपल्याकडे हा इलाज सर्रास चालतो. थर्मोस्टॅट नसला की रेडिएटरमधून पाणी सतत फिरत राहतं, इंजिन पाहिजे तेवढं तापतच नाही, आणि थंड इंजिन डिझेल जास्त खातं. हिवाळ्यात पहाटे ओतूरपर्यंत हीटर का लागत नव्हता त्याचंही उत्तर मिळालं. नवा थर्मोस्टॅट बसवला, रेडिएटर धुऊन कूलंट भरलं. आता काटा मधोमध असतो.

बाकी किरकोळ. एअर फिल्टर बदलला, डिझेल फिल्टरमधलं पाणी सोडलं, ईजीआर बंद न करता काढून काजळी साफ केली. ते बंद करायला त्यांनी साफ नकार दिला. आठ वर्षं झालेल्या मालवाहू गाडीला आता दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट लागतं, उगाच कशाला घोळ. मागचं डावं चाक जॅकवर हाताने फिरवलं तर दोन फेऱ्यांत अडत होतं, ब्रेक घासत होता. तो मोकळा केला.

जाताना भाऊजींची शिकवणी झाली, आणि मला ती फुकट बघायला मिळाली. माळशेज उतरताना भाऊजी न्यूट्रल टाकायचे, डिझेल वाचतं म्हणून. मिस्त्रींनी समजावलं की कॉमन रेल गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला तर उतारावर इंजेक्टर डिझेल सोडणंच थांबवतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू राहायला डिझेल जळतच राहतं, आणि भरलेल्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. दुसरं, परतीला रिकामी कॅरेट केबिनच्या वर उंच रचायची नाहीत आणि ताडपत्री फडफडू द्यायची नाही. ऐंशीच्या वेगाला वाऱ्याचा अडथळा साठच्या मानाने पावणेदोन पटीवर जातो. मार्केटला जाताना लिलावाची घाई असते, मान्य. घरी येताना कसली?

नंतरच्या महिन्याभराचा वहीतला आकडा साडेअकरा. बारा नाही, पण साडेनऊसुद्धा नाही. फेरीमागे सहा लिटर वाचतात, म्हणजे साडेपाचशे रुपयांच्या आसपास. सगळं मिळून बिल झालं साडेसहा हजार. यातला किती वाटा नळीचा, किती थर्मोस्टॅटचा आणि किती भाऊजींच्या पायाचा, ते सांगणं अवघड आहे. भाऊजींच्या मते त्यांचा वाटा शून्य, कारण ते आधीपासूनच नीट चालवतात.

आता तक्रारी. "संध्याकाळपर्यंत देतो" म्हणाले आणि गाडी दिली तिसऱ्या दिवशी, ऐन तोडणीत. आम्हाला भाड्याचा टेम्पो करावा लागला. फोन उचलत नाहीत. बिल म्हणून हातात मिळतो तो वहीचा फाटका कागद, त्यावर पार्टचा नंबर वगैरे काही नाही. मी बसून लिहून घेतलं. जुने पार्ट मात्र न मागता पिशवीत घालून दिले. बसायला एकच बाकडं आहे आणि त्यावर बहुतेक वेळा कुणाचा तरी गिअरबॉक्स असतो. बाईमाणसाला बाथरूमसाठी शेजारच्या हॉटेलात जावं लागतं.

जाणार असाल तर हंगाम सुरू व्हायच्या आधी जा, टाकी फुल करून जा, आणि निदान चार-पाच वेळच्या डिझेलच्या पावत्या बरोबर ठेवा. पावत्या नसल्या तर ते आधी त्या जमवायला परत पाठवतात. आमच्यासमोर एका ट्रॅव्हल्सवाल्याला पाठवलं, आणि तो चांगलाच तणतणत गेला.