पूर्व बालीचा किनारा: पाडांगबाई ते तुलांबेन, मुक्काम आमेदचा

बालीच्या पूर्व किनाऱ्यावरची समुद्रसहल दोन प्रकारे विकली जाते. एका दिवसात तीन ठिकाणी पाण्यात उतरवून रात्री पुन्हा दक्षिणेतल्या हॉटेलात आणून सोडणारे पॅकेज हा पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात चालकासह गाडी भाड्याने घ्यायची, आमेद गावी मुक्काम टाकायचा आणि रोज सकाळी जवळपासच्या एकाच ठिकाणी उतरायचे. माझे मत स्पष्टपणे दुसऱ्या प्रकाराच्या बाजूने आहे. कुता-सेमिन्याकहून आमेदला पोचायला अडीच-तीन तास लागतात, म्हणजे पॅकेजची गाडी येते तेव्हा सकाळचे शांत पाणी संपून वारा सुटलेला असतो आणि प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या गाड्यांचे प्रवासी आधीच पोचलेले असतात. जे पाहण्यासाठी इतके दूर यायचे ते सकाळी सात ते नऊच्या दरम्यान चांगले दिसते, आणि ती वेळ तिथे राहणाऱ्यालाच मिळते.

सानूरहून कुसाम्बाकडे जाणारा मार्ग समुद्राला धरून असला तरी रुंद, वाहता आणि काहीसा रुक्ष आहे. वटवाघळांच्या गुहेतले गोवा लावाह मंदिर आणि जवळची मिठागरे पाहायला थोडा वेळ थांबावे. पाडांगबाईचे ब्लू लगून पहिल्यांदाच पाण्याखाली पाहण्याचा मास्क लावणाऱ्यांसाठी बरे आहे, कारण वाळू पांढरी आहे आणि किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर मासे दिसू लागतात. परंतु जागा फार लहान आहे, ओहोटीला प्रवाळ पोटाला लागेल इतके वर येते आणि शेजारच्या लोंबोक बेटावर जाणाऱ्या फेरीबोटींमुळे गावात वाहनांची गर्दी असते. तासाभरात पुढे निघावे.

अम्लापुरानंतर दोन रस्ते फुटतात. चुलिकवरून जाणारा आतला रस्ता लवकर पोचवतो, म्हणून चालक सहसा तोच धरतात. सेराया गावावरून डोंगराच्या कडेने जाणारा किनारी रस्ता अरुंद, वळणांचा आणि चढउतारांचा आहे, पण या संपूर्ण प्रवासातला सर्वांत सुंदर भाग तोच आहे. गाडी ठरवतानाच हा रस्ता हवा असे सांगून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी घासाघीस करावी लागत नाही. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालत असली, तरी भाड्याची स्कूटर घेऊन हा रस्ता धरण्याची शिफारस मी करणार नाही. ओल्या अंगाने आणि थकलेल्या पायांनी त्या उतारांवरून परतणे धोक्याचे आहे, शिवाय वैध परवाना नसेल तर प्रवासविमा हात वर करतो.

आमेद हे एक गाव म्हणून ओळखले जात असले तरी प्रत्यक्षात ती जेमेलुक, बुनुतान, लिपाह, बान्युनिंग अशा लहान कोळीवाड्यांची माळ आहे. त्यांपैकी जेमेलुकची खाडी फ्रीडायव्हिंगच्या, म्हणजे हवेच्या टाकीविना एका श्वासात बुडी मारायला शिकवणाऱ्या शाळांसाठी प्रसिद्ध झाली. डोंगराचा उतार पाण्याखालीही तसाच पुढे जात असल्याने किनाऱ्यापासून थोडे पोहताच पुरेशी खोली मिळते, आणि आडोशामुळे बहुतेक सकाळी प्रवाह सौम्य असतो. इतरत्र खोल पाण्यासाठी नावेचे भाडे मोजावे लागते, इथे बोया (तरंगता फुगा) ओढत पोहत गेले की झाले. प्राथमिक अभ्यासक्रमाचे शुल्क या सहलीतला सर्वांत मोठा खर्च आहे आणि तो सर्वांत सार्थकी लागणाराही आहे.

दोन-तीन दिवसांच्या या अभ्यासक्रमात आधी श्वसन आणि शरीरशास्त्राची माहिती, मग उथळ पाण्यात श्वास रोखण्याचा सराव आणि शेवटी बोयाला टांगलेल्या दोरीवरून खाली जाणे, असा क्रम असतो. बहुतेक संस्थांच्या पहिल्या पातळीची कमाल मर्यादा 20 मीटर आहे. आपली फुप्फुसे कमी पडतील अशी धास्ती घेऊन लोक येतात, पण बहुतेकांना अडवतात ते कान. पाण्याचा दाब 10 मीटरवर पृष्ठभागाच्या दुप्पट आणि 20 मीटरवर तिप्पट होत असल्याने सहा लिटर हवा अनुक्रमे तीन आणि दोन लिटर एवढी आक्रसते. प्रमाणाच्या दृष्टीने हा बदल सुरुवातीच्या काही मीटरांतच सर्वाधिक असतो, आणि तिथेच कान दुखू लागतात. नाक दाबून जोराने फुंकण्याची सवय डोके खाली करून उतरताना फारशी उपयोगी पडत नाही. जिभेच्या साहाय्याने हवा कानाकडे ढकलण्याची फ्रेन्झेल पद्धत शिकावी लागते. ती घरी आरशासमोर बसूनही घोटता येते. जाण्यापूर्वी काही आठवडे तेवढे केले तरी शुल्काचा मोबदला दुप्पट मिळेल. सर्दी झाली असेल, तर मात्र तारीख पुढे ढकलणेच योग्य.

शाळा निवडताना सुरक्षेचे नियम किती काटेकोरपणे पाळले जातात हे पाहावे. वर येताना दाब उतरत जातो, तसा फुप्फुसांतल्या ऑक्सिजनचा आंशिक दाबही (एकूण दाबातला त्याचा वाटा) घसरतो, त्यामुळे शुद्ध हरपण्याचा धोका तळापेक्षा शेवटच्या काही मीटरांत आणि वर आल्यानंतरच्या क्षणांत जास्त असतो. म्हणूनच एक जण खाली असताना दुसऱ्याने वर थांबून लक्ष ठेवायचे आणि जोडीदार वर आल्यानंतरही अर्धा मिनिट नजर हटवायची नाही, हा नियम आहे. बुडी मारण्यापूर्वी भराभर श्वास घेऊन ‘दम साठवण्याचा’ सल्ला देणाऱ्या माणसाबरोबर पाण्यात उतरू नये. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही. केवळ कार्बन डायऑक्साइड घटतो आणि धोक्याची सूचना उशिरा मिळते. एका प्रशिक्षकाकडे किती विद्यार्थी असतील हेही आधी विचारून घ्यावे.

केवळ स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि श्वासनळी लावून पृष्ठभागावर पोहत पाहणे, करणाऱ्यांनाही आमेद निराश करत नाही. बान्युनिंगजवळचे लहान जपानी जहाजाचे अवशेष पृष्ठभागावरून सहज दिसतात, मात्र तिथला प्रवाह जेमेलुकपेक्षा जोरकस असतो. या ठिकाणी भाड्याने मिळालेल्या एका मार्गदर्शकाने छायाचित्रांसाठी लोकांना प्रवाळावर उभे राहू दिले, आणि हटकल्यावर ते मृतच आहे असे उत्तर दिले. ही वृत्ती त्या एकट्याची नाही, त्यामुळे मार्गदर्शक ठरवतानाच याबद्दल बोलून घ्यावे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ रबरी कडे धरून मासे पाहिलेल्यांना इथल्या पाण्याच्या पारदर्शकतेचे अप्रूप वाटेल. भाड्याचे मास्क बहुधा जुने आणि गळके असतात, तेव्हा स्वतःचा मास्क न्यावा.

तुलांबेनचे लिबर्टी हे बुडालेले जहाज मात्र भल्या सकाळीच गाठावे. 1918 साली बांधलेल्या या अमेरिकन मालवाहू जहाजावर जानेवारी 1942 मध्ये लोंबोकच्या सामुद्रधुनीत जपानी पाणबुडीने टॉर्पेडो डागला. सिंगाराजाकडे ओढून नेताना त्यात पाणी भरत गेले, म्हणून ते तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवले गेले आणि 1963 च्या आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकापर्यंत तिथेच पडून होते. त्या उद्रेकाने ते पाण्यात ढकलले. आज सव्वाशे मीटरच्या आसपास लांबीचा तो सांगाडा किनाऱ्याला समांतर, अगदी जवळ, वरचा भाग पाच-सहा मीटरवर आणि तळाकडचा 30 मीटरच्या सुमारास अशा स्थितीत पडून आहे. स्नॉर्केल लावूनही त्याचा आवाका कळतो, आणि नवशिक्या फ्रीडायव्हरला पहिल्या काही बुड्यांतच त्यावर वाढलेले प्रवाळ जवळून पाहता येते. सांगाड्याच्या आत मात्र शिरू नये. नऊनंतर पाठीवर हवेची नळकांडी घेतलेल्या स्कूबावाल्यांचे थवे उतरतात आणि खालून येणाऱ्या बुडबुड्यांत काहीच धड दिसत नाही. किनारा काळ्या गोल दगडांचा असल्याने जाड तळव्याचे बूट हवेतच. त्याच दगडांवरून हवेची जड नळकांडी डोक्यावर घेऊन चालणाऱ्या स्थानिक बायका पाहिल्या की आपल्या तक्रारी आपोआप बंद होतात.

शाकाहारी मंडळींची टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), टोफू आणि शेंगदाण्याच्या सॉसमधल्या भाज्यांच्या गादो-गादोवर चांगली सोय होते, परंतु सांबाल या मिरचीच्या चटणीत आणि कधीकधी त्या सॉसमध्येही तेरासी, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते, त्यामुळे प्रत्येक वेळी विचारावे. भारतीयांना विमानतळावर मिळणाऱ्या 30 दिवसांच्या व्हिसासाठी 5,00,000 रुपिया आणि फेब्रुवारी 2024 पासून लागू झालेला बालीचा पर्यटन कर 1,50,000 रुपिया हे धरून चालावे. एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम उत्तम. पावसाळ्यात डोंगरातून आलेला गाळ किनाऱ्यालगतचे पाणी गढूळ करतो. न्येपी या बालीच्या मौनाच्या नववर्षदिनी विमानतळासह सारे बेट बंद असते, ती तारीख तपासूनच तिकिटे काढावीत.

हाताशी आणखी दोन दिवस असतील, तर तुलांबेनहून उत्तर किनाऱ्याने सिंगाराजामार्गे पेमुतेरानला जावे. तिथे 2000 पासून लोखंडी सांगाड्यांतून सौम्य वीजप्रवाह सोडून प्रवाळ वाढवले जात आहे आणि ते किनाऱ्यावरून पोहत जाऊन पाहता येते. समोरच्या मेनजांगन बेटाची प्रवाळभिंत त्याहून सरस आहे, पण त्यासाठी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशशुल्क आणि नावेचे भाडे वेगळे भरावे लागते, त्यामुळे चार-पाच जणांनी मिळून नाव केली तरच ते परवडते.