एकाच डब्यातले दोन चॅनल आणि माझे साडेचार हजार

गोष्ट जुनी आहे, २०१७ ची. पण गेल्या आठवड्यात बदलापूरहून आमच्या साडूंचा फोन आला की केबलवाला दोन सेट-टॉप बॉक्स दाखवतोय, एक साधा आणि एक रेकॉर्डरवाला, कुठला घेऊ सांगा, आणि माझ्या पोटात गोळाच आला. त्यांना पाऊण तास फोनवर जे सांगितलं तेच इथे टाइप करतोय, कारण हे जुने रेकॉर्डर बॉक्स अजून फिरतायत असं दिसतंय.

आधी कबुली देऊन टाकतो. मी एका कंपनीत परचेसला आहे. तीन कोटेशन आल्याशिवाय झाडूसुद्धा घेत नाही, ऑफिसमध्ये सगळे चेष्टा करतात. तर फसलो ते असं नाही की चौकशी केली नाही, चौकशी करून करून फसलो.

आम्ही डोंबिवलीचे. इथे केबल डिजिटल झाली ३१ मार्च २०१३ च्या टप्प्यात, पुणे नाशिक ठाणे यांच्याबरोबर, तेव्हा जो मिळेल तो डबा सगळ्यांनी घेतला तसा आम्हीपण घेतला. चार वर्षांत त्याचा रिमोट गेला, चित्र अडकायला लागलं, म्हणून बदलायचं ठरलं. माझं ऑफिस रबाळेला, ठाण्याला गाडी बदलून घरी यायला नऊ वाजतात, तोवर मॅच अर्धी झालेली असते. आईच्या मालिका साडेसहापासून चालू होतात, त्यात तिची संध्याकाळची पोथी असते. म्हणजे रेकॉर्डिंग हवंच होतं.

केबलवाला आमच्याच गल्लीतला, गणपतीच्या वर्गणीला दरवर्षी येणारा, मला काका म्हणणारा. त्याने दोन बॉक्स आणून टेबलावर ठेवले. एक एचडी, मागे यूएसबी, त्यात आपला पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क लावून रेकॉर्ड करायचं, ट्यूनर (वायरीतून चॅनल पकडणारा भाग) एक, किंमत १,६००. दुसरा जाडजूड, आतच ५०० जीबीची डिस्क, दोन ट्यूनर, चालू कार्यक्रम थांबवून परत तिथून बघता येतो, मालिकेचं एकदा सेटिंग केलं की रोजचा भाग आपोआप रेकॉर्ड होतो, किंमत ४,५००. मी वहीत दोन रकाने पाडले आणि एकेक गोष्ट विचारत लिहीत गेलो. किती तास मावतं? "पाचशे तास काका, आरामात." एक चॅनल बघताना दुसरा रेकॉर्ड होतो का? "दाखवतोच ना." आणि खरंच त्याच्याकडच्या पोराने आमच्याच टीव्हीला बॉक्स लावला, एका मराठी चॅनलवर रेकॉर्डिंग चालू केलं, रिमोटने दुसऱ्या मराठी चॅनलवर गेला, दहा मिनिटं आम्ही ते बघितलं, मग मागे येऊन रेकॉर्डिंग लावलं तर अख्खं व्यवस्थित. डोळ्यांनी बघितलं म्हटल्यावर काय राहिलं. मी वहीत दुसऱ्या रकान्याखाली दोन रेघा मारल्या आणि पैसे मोजले.

पावती? वहीतल्या चिठ्ठीवर "बॉक्स ४५००" एवढंच. एक छापील फॉर्म होता, त्यावर सही केली, बाकीचं "आम्ही भरतो काका". जो माणूस ऑफिसात पीओ (परचेस ऑर्डर) नंबर नसला तर बिल परत पाठवतो त्याने कोऱ्या फॉर्मवर सही केली, हे बायको अजून चारचौघांत सांगते.

पहिले पंधरा दिवस मजेत गेले. मग आईची तक्रार सुरू झाली, "अरे हे कधी होतं, कधी होत नाही." म्हणजे काही वेळा एक लावून दुसरं बघता यायचं, काही वेळा चॅनल बदलला की इंग्रजीत काहीतरी पाटी यायची आणि ओके दाबलं की रेकॉर्डिंग बंद. कधी होतं कधी नाही, ह्यातच सगळी मेख होती. साफ बंद असतं तर दुसऱ्या दिवशी परत केला असता. केबलवाला म्हणाला सिग्नल कमी पडतोय, स्प्लिटर, म्हणजे वायर दोन ठिकाणी वाटणारा जोड, बदलू, ३५० रुपये. बदलला. योगायोगाने दोन दिवस बरं चाललं, मग परत तेच. मग म्हणाला वायर जुनी आहे.

मग आला १८ जून, चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल, भारत-पाकिस्तान, रविवार दुपारी तीन. आणि त्याच दिवशी कर्जतला भाचीचा साखरपुडा. मी रेकॉर्डिंग लावलं, फोनचं नेट बंद केलं, साखरपुड्याला कोणी स्कोअर बोलायला लागलं की उठून जेवणाच्या बाजूला जायचं. आई गुडघ्यामुळे घरीच होती. रात्री अकराला घरी येऊन दिवे बारीक करून लावली मॅच. बुमराहच्या बॉलवर फखर झमान धोनीकडे कॅच, आणि तो नो बॉल! तिथे डोक्याला हात लावला, मग त्याने ११४ मारले, पाकिस्तानचे ३३८ झाले. आता आपली बॅटिंग म्हणून पाणी पिऊन सरसावून बसलो तर इनिंग ब्रेकमधल्या जाहिराती चालू असताना रेकॉर्डिंग खलास. आईने पावणेसातला तिचा कार्यक्रम लावला होता आणि पाटी आली म्हणून ओके दाबलं होतं. तिची काय चूक, तिला मीच सांगितलेलं की आपल्या बॉक्सला दोन्ही होतं. सकाळी कळलं की आपण १५८ वर गुंडाळलो, १८० रन्सने हरलो, तेव्हा आई म्हणाली बघ मी वाचवलं तुला. पण डोकं फिरलं ते फिरलंच.

त्या आठवड्यात मी परत वही काढली. दोन-दोन चॅनलच्या जोड्या लावून बघितल्या, एक रेकॉर्डला, एक बघायला, कुठली जोडी चालते कुठली नाही. एकूण तीस-पस्तीस जोड्या केल्या असतील, घरच्यांना वाटलं मला लागलंय काहीतरी. पॅटर्न दिसत होता पण कारण कळत नव्हतं. ते कळलं ऑफिसातल्या एका मेंटेनन्सच्या पोराकडून, जो आधी केबलच्या कंट्रोल रूमला होता. तो म्हणाला साहेब, मेनूमध्ये चॅनलची माहिती उघडा, फ्रिक्वेन्सी बघा.

त्याने सांगितलेलं मी लोकलच्या भाषेत सांगतो. केबलच्या वायरीतून चॅनल एकेकटे येत नाहीत, गाडीच्या डब्यांसारखे येतात. एकेक फ्रिक्वेन्सी म्हणजे एक डबा, आठ मेगाहर्ट्झ रुंद, ३०६ चा एक, ३१४ चा पुढचा, असं. एका डब्यात साधे चॅनल पंधरा-वीस बसतात, एचडी असतील तर फारच कमी. ट्यूनर म्हणजे एका वेळी एकाच डब्यात चढू शकणारा माणूस. त्या डब्यातल्या एकाचं रेकॉर्डिंग करता करता तिथल्याच दुसऱ्याचं तोंड तो तुम्हाला दाखवू शकतो. पण शेजारच्या डब्यातल्याला भेटायचं तर ह्या डब्यातून उतरावं लागणार, म्हणजे रेकॉर्डिंग बंद. दोन ट्यूनर असले तर दोन माणसं, दोन डबे.

घरी येऊन बघितलं. डेमोला लावलेले दोन्ही मराठी चॅनल एकाच फ्रिक्वेन्सीवर! माझ्या चालणाऱ्या सगळ्या जोड्या एकेका फ्रिक्वेन्सीच्या आत, न चालणाऱ्या सगळ्या बाहेरच्या. स्पोर्ट्सचा एचडी आणि आईचा चॅनल कधीच एका डब्यात नव्हते. सिग्नलच्या पानावरपण एकच ट्यूनर दिसत होता, खऱ्या दोन ट्यूनरवाल्या बॉक्सला तिथे एक आणि दोन असे वेगळे दिसतात. हे पान पैसे द्यायच्या आधी उघडायला तीस सेकंद लागले असते. डेमो देणाऱ्या पोराने मुद्दाम ती जोडी निवडली का त्याला तेवढंच शिकवलेलं होतं, मला माहीत नाही, पण ज्याने कोणी शिकवलं त्याला पक्कं माहीत होतं.

मग डिस्कवर संशय आला. बॉक्स जागा जीबीत दाखवत नव्हता, फक्त टक्के. आता हिशोब करा. एचडी चॅनल साधारण सेकंदाला आठ मेगाबिटचा धरला तर तासाला साडेतीन जीबीच्या वर जातात, म्हणजे ५०० जीबीत सव्वाशे-एकशे पस्तीस तास यायला पाहिजेत. ("पाचशे तास" हे साध्या चॅनलला, तेही जेमतेम. एवढं तेव्हा मलापण सुचलं नाही.) माझा बॉक्स अडतीस तासांना भरला. तीनदा रिकामा करून बघितला, तीनदा तेच. मेंटेनन्सवाला पोरगा घरी आला, मागची पट्टी सोलली. "५०० जीबी ट्विन ट्यूनर" हा स्टिकर, त्याच्या खाली दुसरा स्टिकर, जुना मॉडेल नंबर. मग स्क्रू काढले. डिस्कवर छापलेलं १६० जीबी. कोणाचा तरी परत आलेला जुना बॉक्स पुसून, वर स्टिकर लावून मला नवा म्हणून दिलेला.

केबलवाल्याकडे गेलो तर आधी म्हणाला बॉक्स उघडला म्हणजे वॉरंटी गेली. कुठली वॉरंटी, बिलच नाही. मग म्हणाला काका, बॉक्स तुमचा नाहीच, कंपनीचा आहे, तुम्ही भाड्याने घेतलाय, ४,५०० हे डिपॉझिट आहे, त्यातून वापर कापून परत मिळेल. आणि माझ्या सहीचा फॉर्म काढून दाखवला, भाड्याच्या चौकोनात टिक! ती टिक माझ्या पेनाची नव्हती पण खाली सही माझी होती. नियमाने ग्राहकाला विकत, भाड्याने किंवा हप्त्याने असा पर्याय द्यायला पाहिजे आणि फॉर्मची प्रत द्यायला पाहिजे, हे मला नंतर कळलं. प्रत मागितली असती तर तिथेच अडलं असतं. दुसऱ्याकडे जावं तर ह्या बॉक्समध्ये दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन चालत नाही, म्हणजे परत नवीन बॉक्सचे पैसे. ह्याच्यावरच ह्यांची मस्ती असते.

मी कंपनीच्या टोल फ्रीला तक्रार केली, तक्रार नंबर घेतला, दोन स्टिकरचे आणि डिस्कच्या लेबलचे फोटो, माझ्या जोड्यांची वही, सगळं लेखी नोडल ऑफिसरला (कंपनीत वरच्या तक्रारी बघणारा) पाठवलं आणि खाली लिहिलं की ग्राहक मंचात जाणार आहे. (आता तुम्हाला करायचं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे तेव्हाच्या मंचात, पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, फक्त दोन वर्षांच्या आत करा.) मंचात मी गेलो नाही. सुट्ट्या नव्हत्या आणि बाबा म्हणाले गल्लीतला माणूस आहे, रोज तोंड बघायचंय. तडजोड झाली. त्याने तो १,६०० वाला यूएसबीचा बॉक्स दिला, १,५०० महिन्याच्या बिलातून वळते केले. उरलेले १,४०० आणि स्प्लिटरचे ३५० गेले. म्हणजे एवढं सगळं करून मी त्याच बॉक्सवर आलो जो पहिल्या दिवशी रकान्यात डावीकडे होता.

साडूंना मी एवढंच म्हटलं की डेमो त्याच्या चॅनलवर घेऊ नका, तुमच्या घरात भांडणं होतात त्या दोन चॅनलवर घ्या. एक स्पोर्ट्सचा एचडी आणि एक मालिकांचा. आणि रिमोट त्याच्या हातात देऊ नका, स्वतः दाबा. रिचार्ज संपल्यावर आधीचं रेकॉर्डिंग दिसतं का तेपण विचारा. आमच्याकडे एकदा पैसे भरायला चार दिवस उशीर झाला तर स्वतःचंच रेकॉर्डिंग उघडेना.

यूएसबीवाल्यालापण एक गोम आहे. डिस्क लावली की तो ती आपल्या पद्धतीने फॉरमॅट करतो, त्यामुळे आधी त्यात फोटोबिटो असतील तर गेले म्हणून समजा. आणि त्यातलं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर उघडत नाही, दुसऱ्या बॉक्सवरपण नाही. ते त्याच बॉक्सला बांधलेलं असतं, मग चॅनल फुकटचा दूरदर्शन का असेना.

जुना बॉक्स परत द्यायचा ठरला तेव्हा हेच लक्षात आलं आणि धाबं दणाणलं. बाबांच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम सह्याद्रीवर झालेला, तो त्या १६० जीबीत होता. बाबा दुसऱ्या रांगेत टाळ घेऊन उभे, सगळे मिळून चार सेकंद दिसतात, पण ते चार सेकंद आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने बघितलेत. बाहेर काढायचा काही मार्ग नव्हता. शेवटी बॉक्स न्यायला पोरगा दारात उभा होता त्याला चहा दिला, टीव्हीसमोर स्टुलावर तीन डबे रचून त्यावर मोबाइल टेकवला आणि अख्खा अर्धा तास पडद्याचंच शूटिंग केलं. तेच आता आमच्याकडे आहे. जरा तिरकं आलंय, खालच्या कोपऱ्यात पंख्याची सावली फिरते, मधे कुकरच्या दोन शिट्ट्या आहेत, आणि बाबा पडद्यावर येतात नेमकं तेव्हा आईचा आवाज, "अरे आवाज वाढव की."