पडद्यावरचा स्कोअर: हाताने टाइप करावा की स्कोअरबोर्डावर कॅमेरा रोखावा?

अमेरिकेतल्या हायस्कूल बास्केटबॉलचं थेट प्रक्षेपण मुलं करतात तेव्हा सगळ्यात आधी गंडतं ते घड्याळ. 8 मिनिटांच्या क्वार्टरमध्ये ते शिट्टीगणिक थांबतं. हाताने चालवताना एक शिट्टी हुकली की पडलेला फरक आपोआप भरून निघत नाही. घड्याळासाठी कॅमेराच बरा. साधा वेबकॅम स्कोअरबोर्डाकडे रोखा, ओबीएसमध्ये (थेट प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर) घड्याळापुरता चौकोन कापून कोपऱ्यात बसवा. ऑटो एक्स्पोजर (कॅमेऱ्याने उजेड आपोआप कमी-जास्त करणं) बंदच हवं, नाहीतर काळ्या बोर्डावरचे आकडे फुलतात आणि 8 कुठला, 0 कुठला ते कळत नाही. शटर 1/60 सेकंदापासून सुरू करा. फार वेगवान ठेवलं तर एलईडीच्या काही रेषा विझलेल्या दिसतात. ट्रायपॉड प्रेक्षकांच्या बाकांवर नको, गर्दी उसळली की चौकोन सरकतो.

गुण मात्र टाइपच करा, फोनवरही ठळक वाचता येतात. +1, +2, +3 सोबत -1 ची हॉटकी (एका दाबात काम करणारं बटण) हवीच, बास्केट रद्द होतेच कधीतरी. टाइप करणाऱ्याने नजर बोर्डावर ठेवावी.

मुख्य कॅमेरा कॅप्चर कार्डातून (कॅमेऱ्याचं चित्र संगणकात घेणारं उपकरण) येत असेल तर त्याचं चित्र मागे पडतं आणि चेंडू हातात असतानाच घड्याळ शून्यावर जातं. तेवढाच रेंडर डिले (चित्र उशिरा दाखवणारा ओबीएसचा फिल्टर) वेबकॅमला लावा.