बारा व्होल्टचा काच-हीटर: चोर्ला घाटातल्या पावसाळ्याचा अनुभव

गोव्यात गाडीला हीटर कशाला, असं विचारणाऱ्याने जुलैत पहाटे चोर्ला घाट उतरून बघावा. माझी व्हॅन जुनी. एसी नाही, हीटर नाही. बेळगावहून भाजी भरून वाळपईला यायचं म्हणजे मागे ओली पोती, शेजारी भिजलेला माणूस आणि समोरच्या काचेवर आतून धरलेली वाफ. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यात फडकं, असं वळणावर चालवणं जिवावरचं आहे. म्हणून लायटरच्या सॉकेटला लागणारा 150 वॉटचा छोटा हीटर घेतला. पावसाळाभर वापरून आता लिहितोय.

याने केबिन गरम होत नाही, ती आशा ठेवू नका. कारचा मूळ हीटर इंजिनाच्या गरम पाण्यावर चालतो आणि काही किलोवॉट उष्णता देतो. त्यापुढे 150 वॉट म्हणजे काहीच नाही. पण आपल्याला बर्फ कुठे वितळवायचा असतो? पावसाने गार पडलेली काच आतल्या हवेच्या दवबिंदूखाली, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं त्याखाली, थोडीशीच गेलेली असते. दोन-चार अंश वर आली की वाफ धरत नाही. झोत काचेवर तिरका सोडला की आधी मधोमध एक स्वच्छ ठिपका उमटतो, मग कडेचे बारीक थेंब आक्रसत जातात आणि ड्रायव्हरसमोर ताटाएवढी जागा मोकळी होते. डावी बाजू मात्र तशीच धुरकट राहते, डाव्या वळणावर ते खुपतं.

खिडकी बोटभर उघडी हवीच. हीटर ओल बाहेर काढत नाही. सगळं बंद ठेवलं तर तीच ओल बाजूच्या काचांवर जाऊन बसते. काच आतून साबणाने धुऊन कोरडी पुसलेली असेल तर निम्मं काम आधीच झालेलं असतं.

चोर्ला सुमारे 800 मीटर उंचीवर आहे, वर हवा घाटाखालच्या केरीपेक्षा चार-पाच अंशांनी गार. ती गार काच घेऊन खाली उतरलं की दमट हवा बाहेरूनही काचेवर बसते. पाऊस थांबला असेल तेव्हा वायपर एकदा फिरवा: पुसलं गेलं तर बाहेरचं, नाही गेलं तर आतलं. बाहेरच्याला वायपरच पुरतो.

घरी विमान बांधणाऱ्या हौशी लोकांचं मी आवडीने वाचतो. उंचावरून दमट हवेत उतरताना त्यांच्या काचेचंही हेच होतं. त्यांच्यात लोकप्रिय असलेल्या रोटॅक्स 912 इंजिनाचा स्वतःचा जनरेटर जेमतेम 250 वॉटचा, त्यामुळे विजेचा हीटर परवडत नाही. मग कोणी इंजिनाच्या गरम पाण्यावरून, कोणी एक्झॉस्टच्या म्हणजे धुराच्या पाइपाभोवती पत्र्याचं वेष्टण घालून गरम हवा आत घेतं. त्या पाइपाला तडा गेला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू केबिनमध्ये, आणि त्याला वास नसतो. 2019 च्या जानेवारीत इंग्लिश खाडीत कोसळलेल्या छोट्या विमानाच्या तपासात फुटबॉलपटू एमिलियानो साला याच्या रक्तातलं 58 टक्के हिमोग्लोबिन या वायूने बांधलेलं आढळलं. एका गॅरेजवाल्याने मला सायलेन्सरवरून हवा घेण्याचा जुगाड सुचवला होता. मी साफ नाही म्हटलं, तुम्हीही म्हणा.

आता वायरिंग. 150 वॉट म्हणजे बारा व्होल्टवर साडेबारा अँपिअर. जुन्या सॉकेटचे पॉइंट सैल असतील तर प्लग हाताला चटका बसेल इतका तापतो. माझा तसा तापायला लागल्यावर मी बॅटरीवरून वेगळी जाड वायर, रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आणि फ्यूज टाकून घेतलं. तेव्हापासून त्रास नाही. हेडलाइट, वायपर आणि हीटर एकत्र चालू असताना गाडी आयडलला उभी असली की लाइट मंद होतात, चेकनाक्यावर थांबलो की मी हीटर बंद करतो. इंजिन बंद असताना तर लावूच नका. सोबत येणारी चिकटपट्टी दमट हवेत सुटते, बुड दोन स्क्रूंनी डॅशबोर्डवर पक्कं करून घ्या.

एसी आणि हीटर दोन्ही असलेल्यांनी हे घेऊ नये. एसीने सुकवलेली हवा हीटरवरून काचेवर सोडली की पूर्ण काच स्वच्छ होते. माझ्यासारख्या जुन्या व्हॅनवाल्यांनी मात्र मृगापूर्वी बसवून घ्यावा, वायरिंगसकट.