मुंग्यांसाठी खडू की बोरिकचं आमिष?

पावसाला सुरुवात झाली की वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत ओट्याच्या फटीतून मुंग्यांची रांग निघतेच. अशा वेळी हात पहिला खडूकडे जातो. खडूतलं डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक रेघ ओलांडणाऱ्या मुंगीला मारतं, पण वारुळातली राणी सुखरूप राहते. शिवाय फरशी पुसली की रेघ गेली, आणि दोन दिवसांत रांग खिडकीच्या चौकटीतून सुरू. बारीक पिवळसर मुंग्या असतील तर खडू आणि फवारा दोन्ही टाळाच; त्रास झाला की त्यांची वसाहत फुटते आणि एकाच्या चार जागा होतात.

बोरिकचं आमिष हळू चालतं, पण मुळाशी जातं. एक कप कोमट पाण्यात चार चमचे साखर आणि जेमतेम अर्धा चमचा बोरिक पावडर पूर्ण विरघळवा. कापसाचा बोळा भिजवून बाटलीच्या झाकणात, रांगेच्या अगदी कडेला ठेवा. बहुतेकांचं इथेच चुकतं: पावडर जास्त पडली तर मुंगी वाटेतच मरते, राणीपर्यंत काही पोचत नाही. पहिल्या दिवशी झाकणाभोवती काळं कडं जमेल. ते पुसू नका, फवारू नका. बोळा सुकला की बदला. आठवडा-दोन आठवडे लागतात.

रांगणारं बाळ किंवा मांजर असेल तर दोन्ही गोष्टी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवा. पाहुणे तासाभरात येणार असतील तर दोन्ही नकोत, साबणाच्या पाण्याने रांग पुसून घ्या.