मास्ट्रिख्तचे चर्चमधले पुस्तकांचे दुकान

नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला असलेल्या मास्ट्रिख्त शहरात ‘बुकहान्डल डोमिनिकानेन’ हे पुस्तकांचे दुकान आहे आणि ते थाटले आहे १२९४ मध्ये अभिषेक झालेल्या डोमिनिकन संन्याशांच्या चर्चमध्ये. मी राहतो त्या आइंडहोवनहून रेल्वेने तासाभरात तिथे पोहोचता येते, म्हणून गेल्या काही वर्षांत चार-पाच फेऱ्या झाल्या. मी मूळचा वसईचा. लहानपणी रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, पाच मिनिटे उशीर झाला की दाराबाहेर उभे राहावे लागे. तेव्हा वेदीच्या बाजूला कॉफीचे टेबल पाहून मनात जे येते, तेही या परीक्षणात येणारच.

आधी दुकानाविषयी. गंजलेल्या रंगाच्या पोलादी प्रवेशद्वारातून आत गेल्यावर प्रथम नजर जाते ती उंचीकडे. २००६ च्या अखेरीस दुकान सुरू झाले तेव्हा मेर्क्स आणि जिरो या वास्तुरचनाकारांनी जुन्या भिंतींना धक्का न लावता, मुख्य दालनाच्या एका बाजूला काळ्या पोलादाचे उंच, मजल्यामजल्यांचे कपाट उभे केले. त्याच्या जिन्याने अगदी वर गेले की खांबांच्या माथ्यावरचे दगडी काम डोळ्यांच्या रेषेत येते आणि सतराव्या शतकात रंगवलेले छत हाताशी आल्यासारखे वाटते. खाली गुडघे टेकणाऱ्या भाविकांना हे सारे इतक्या जवळून कधीच दिसले नसणार. मध्ययुगीन डोमिनिकन तत्त्वज्ञ संत थॉमस अक्विनास यांच्यावरचे १३३७ चे एक भित्तिचित्रही आहे. ते इतके पुसट झाले आहे की शोधावे लागते, पण शोधण्यासारखे आहे. पुस्तके अर्थातच बहुतांशी डच, मात्र इंग्रजी वाचकालाही रिकाम्या हाताने परतावे लागत नाही. वेदीकडच्या भागात कॉफीपानाची सोय असून मधले लांब टेबल क्रुसाच्या आकाराचे आहे. एवढी चतुराई टाळली असती तर बरे झाले असते, असे मला प्रत्येक वेळी वाटते.

हे दुकान पाहून बहुतेक पाहुणे एकच निष्कर्ष काढतात: श्रद्धा संपली, म्हणून चर्चचे दुकान झाले. या वास्तूपुरता तो चुकीचा आहे. १७९४ मध्ये फ्रेंच सैन्याने शहर घेतले आणि त्यानंतर दोनच वर्षांत मठ बंद झाला. पुढची दोन शतके इथे कधी गोदाम होते, कधी मुलांचा कार्निव्हल भरला आणि दुकान येण्यापूर्वी सायकली ठेवल्या जात. उलट याच काळात डच कॅथलिक जीवन इतके फोफावले की, १९५० च्या सुमारास कॅथलिक माणूस कॅथलिक रुग्णालयात जन्मे, कॅथलिक शाळेत शिके, कॅथलिक वर्तमानपत्र वाची आणि कॅथलिक कामगार संघटनेची वर्गणी भरी. शेळ्या पाळणाऱ्यांचीसुद्धा वेगळी कॅथलिक संघटना असे. १९५४ मध्ये बिशपांनी पत्रक काढून समाजवादी ‘वारा’ या प्रसारण संस्थेचे रेडिओ कार्यक्रम नेमाने ऐकण्यास कॅथलिकांना मनाई केली होती. ती अकरा वर्षांत मागे घ्यावी लागली.

खरी गळती त्यानंतरची आहे आणि तिचे कारण विज्ञानाने देवाला खोटे पाडले हे नव्हे, असे माझे मत आहे. चर्च करीत असलेली कामे एकेक करून दुसऱ्यांनी उचलली. १९५७ मध्ये सर्वांना लागू असलेले वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन आले. १९६५ पासून गरजूला सरकारी मदत ही कृपा न राहता हक्क झाली. तो कायदा आणणाऱ्या मंत्री मार्गा क्लॉम्पे स्वतः निष्ठावान कॅथलिक होत्या, ही यातली मला सर्वांत चटका लावणारी गोष्ट. अडल्यानडल्या वेळी धर्मगुरूंचे दार ठोठावण्याची गरज उरली नाही, आणि ते दार ठोठावता ठोठावता जडणारे नातेही उरले नाही. त्यातच १९६३ मध्ये डेन बॉशचे बिशप बेकर्स यांनी दूरचित्रवाणीवरून सांगितले की, किती मुले असावीत हा पतिपत्नीच्या सद्सद्विवेकाचा प्रश्न आहे. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पाचच वर्षांनी पोप सहावे पॉल यांनी कृत्रिम संततिनियमनाला मनाई केली तेव्हा फारशी भांडणे न करता कुटुंबेच्या कुटुंबे मिस्सेला येईनाशी झाली. २०११ मध्ये डेटमान आयोगाच्या अहवालातून कॅथलिक संस्थांमधील हजारो मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचे चित्र पुढे आले, परंतु बाके त्याआधीच रिकामी झाली होती. अहवालाने परत येण्याची उरलीसुरली शक्यता तेवढी मिटवली. २०१७ मध्ये १५ वर्षांवरील डच नागरिकांपैकी ५१ टक्के लोकांनी आपला कोणताही धर्म नसल्याचे सांगितले. निम्म्याहून अधिक लोकांनी तसे सांगण्याची ती पहिलीच वेळ होती.

दुकानातून निघून थोडे चालले की मरियामातेची जुनी बॅसिलिका लागते. तिच्या दाराशी असलेल्या ‘सागरतारका’ मातेच्या मूर्तीपुढे दिवसभर मेणबत्त्या तेवत असतात. गेल्या खेपेला मी तिथे बसलो असताना एक तरुणी पाठीवरची सॅक न उतरवता आत आली. तिने पेटीत नाणे टाकले, मेणबत्ती लावली, क्षणभर ज्योतीकडे पाहिले आणि क्रुसाची खूण न करताच ती निघून गेली. दुकानाला भेट देणाऱ्यांनी ही जागाही चुकवू नये.

पुस्तके निवांत चाळायची असतील तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी जावे. शनिवारी दुपारी छायाचित्रे काढणाऱ्यांची एवढी दाटी असते की, वरच्या मजल्यावर कठड्याशी जागा मिळायला आपली पाळी येण्याची वाट पाहावी लागते.